पाचवा भाग

चर्चमध्ये प्रत्येक बाकाच्या पायाशी एक लांब, अरुंद फळी असते आणि फळीवर पातळशी गादी. प्रार्थनेच्या वेळी गुडघे टेकायला. त्या शनिवारी संध्याकाळी मी गायकांच्या रांगेत उभी होते आणि माझ्या बरोबर समोर, तिसऱ्या बाकावर बसलेल्या एका गृहस्थांनी आपले दोन्ही पाय सँडलसकट त्या गादीवर ठेवले होते. वर अंगठा हलवत होते. आम्ही देवाकडे दया मागत होतो आणि माझं सगळं लक्ष त्या अंगठ्यावर. या गृहस्थांना मी वीसेक वर्षं ओळखते. आमच्या डोंबिवलीच्या मंडळाचे आजीव सभासद. स्वतःच्या घरी कुरिअरवाल्याला सुद्धा चपला दाराबाहेर काढायला लावतात.

त्यांना तिथे आणून बसवलं होतं मीच. एकट्या त्यांना नाही, तीन बस भरून माणसं मी आणली होती.

विमा कंपनीतली नोकरी संपल्यावर मला दोन उद्योग उरले होते. एक म्हणजे आमचं सांस्कृतिक मंडळ. त्याची मी सचिव. म्हणजे हॉल ठरवायचा, पाहुणे ठरवायचे, शाली आणायच्या, आणि कार्यक्रम संपल्यावर कुणी कुणाचं नाव घ्यायला विसरलं यावरून होणारे रुसवेफुगवे मिटवायचे. दुसरा उद्योग ठाण्यातला. तो अपघातानेच लागला. तलावाजवळच्या दातांच्या डॉक्टरकडे माझा नंबर यायला तास होता, म्हणून मी पाय मोकळे करत चर्चच्या मागच्या शाळेपर्यंत गेले. तिथल्या हॉलमध्ये काही माणसं गात होती. पेटी नाही, तबला नाही, तंबोराही नाही. चार वेगळ्या वाटांनी चार आवाज निघाले आणि एका ठिकाणी येऊन असे मिळाले की माझ्या दुखऱ्या दाढेचा मला विसर पडला. मी दारात उभी होते. शिकवणारे म्हातारे सर वळून म्हणाले, "बाय, आत ये, नायतर दार लाव. वारा येतो."

मी आत गेले. त्याला आता चार वर्षं होतील.

सर ठाण्याच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. घरात पिढ्यान्‌पिढ्या मराठीच. शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेले, ऐंशीच्या घरातले. मला त्यांनी आल्टोत टाकलं. बायकांच्या आवाजांतला तो खालचा आवाज. वरचा सोप्रानो लोकांना ऐकू येतो, पुरुषांचे दोन आवाज जमीन धरतात, आणि आल्टो मधे कुठेतरी. "वरणातला हिंग हाय तो," सर म्हणाले. "कोण विचारत नाय, पण नसला का सगळे ताटावरून उठतात." आम्ही चौघी हिंगवाल्या. त्यातली मी एकटी बाहेरची. माझ्या नणंदेने पहिल्याच महिन्यात विचारलं, "बाटलीस की काय गं?" मी म्हटलं, "अजून नाही. आधी सूर तर लागू दे."

सूर लागायला वर्ष गेलं. लहानपणापासून मी शिकलेलं गाणं म्हणजे एकट्याने गायचं गाणं. आपली तान, आपली जागा, आपली दाद. इथे शेजारणीच्या आवाजात आपला आवाज दिसेनासा करायचा. मला ते फार जड गेलं. सर माझ्यापाशी येऊन हाताचा पंजा हळूच खाली दाबायचे. चाळीस वर्षं ऑफिसात आणि मंडळात मी कुणाला असं दाबू दिलं नव्हतं, पण त्यांच्या हाताचं मी ऐकायचे.

गेल्या वर्षी एका बुधवारी तालीम संपल्यावर सरांनी शाळेचं वेळापत्रक सांगावं तशा आवाजात सांगितलं की त्यांचा डावा कान गेलेलाच आहे, आता उजवाही चाललाय. डॉक्टर म्हणाले होते, जे ऐकायचं ते लवकर ऐकून घ्या. मग सर म्हणाले, एक इच्छा आहे. तीन वर्षं आपण जी मिस्सा बसवतोय ती या चर्चमध्ये, एका दमात, पुरी ऐकायची.

मिस्सा म्हणजे प्रार्थनेचे पाच भाग. कित्येक शतकांपूर्वी कुणीतरी नुसत्या माणसांच्या आवाजांसाठी बांधलेले. पहिल्यात दया मागायची, दुसऱ्यात स्तुती, तिसऱ्यात आपला विश्वास सांगायचा, चौथ्यात देवाला पवित्र म्हणायचं, आणि पाचव्यात शांती मागायची. सगळी मिळून चाळीस मिनिटं. पाचव्या भागात सोप्रानोचे दोन होतात, सगळे आवाज एकमेकांभोवती चढत जातात, आणि आम्ही चौघी आल्टो एकच सूर धरून उभ्या राहतो. तो सूर धरताना मला पहिल्यांदा कळलं की आपण दिसेनासं होणं ही काही शिक्षा नव्हे.

"मधी तोडली तर ती मिस्सा नाय," सर म्हणाले. "तुकडे होतात नुसते."

आणि त्यांना चर्च भरलेलं हवं होतं. त्यात मोठेपणाचा हव्यास नव्हता. रिकाम्या चर्चमध्ये आवाज घुमत राहतो, एक शब्द दुसऱ्यावर आदळतो, आणि त्यांच्या त्या उरलेल्या कानात नुसता कल्ला शिरतो. बाकांवर माणसं बसली की ती आवाज पितात. मग प्रत्येक आवाज वेगळा ऐकू येतो. या सरांचा बाप्तिस्मा त्या चर्चमधला, लग्न तिथलं, बायकोची शवपेटी तिथूनच निघाली. भरलेलं चर्च कसं वाजतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? आमच्या गायकांचे नातेवाईक आणि वस्तीतली माणसं धरून पन्नास-साठ जमली असती. अर्धी बाकं रिकामी.

मी पटकन म्हणाले, "माणसं मी आणते."

तेव्हा मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता. आमची डोंबिवली! नाटकाला रांगा लावणारी, दिवाळी पहाटेला पाच वाजता नटून बसणारी, गाण्याच्या मैफलीत खुर्ची मिळाली नाही तर पायरीवर बसणारी. आमच्यासारखे श्रोते दुसरीकडे नाहीत, हे मी सरांच्या समोर बोललेसुद्धा. सरांनी माझ्याकडे पाहून मान डोलावली. फादरनी परवानगी देताना तीन गोष्टी सांगितल्या: मधे टाळ्या नकोत, आत बॅनर नको, आणि सातला नेहमीच्या उपासनेची मिस्सा असते म्हणून पावणेसातला चर्च मोकळं हवं. सरांची अट एकच होती. एकदा सुरू झालं की थांबायचं नाही.

मंडळाची सभा अध्यक्षांच्या घरी झाली. अध्यक्ष म्हणजे निवृत्त उपप्राचार्य, बोलणं स्वच्छ, कुर्ता त्याहून स्वच्छ. मी फादरच्या अटी वाचून दाखवल्या. सगळ्यांनी "अर्थातच, अर्थातच" म्हटलं. "आपण काय अडाणी आहोत का?" असंही कुणी म्हणालं. मग अध्यक्ष म्हणाले, "प्रमुख पाहुण्यांचा सत्कार मध्यंतरात घेऊ." मी म्हटलं, मध्यंतर नाहीये. "मग मधे कुठेतरी एक छोटीशी गॅप. दोन मिनिटांचा विषय आहे हो." मी म्हटलं, तशी गॅप नसते. ते हसून म्हणाले, "मॅडम, सत्काराशिवाय कार्यक्रम म्हणजे लोक काय म्हणतील?"

यावर मी म्हणाले, "बघू."

आमच्याकडे 'नाही' म्हणायची ही सभ्य पद्धत आहे. तोंडावर नाही म्हणायचं नसतं. ऐकणाराही मुरलेला असतो, तो 'बघू'चा सोयीचा अर्थ घेऊन मोकळा होतो. बावीस वर्षं मी इतरांना असंच 'बघू' म्हणत आले आणि इतरांचं 'बघू' हवं तसं वाकवत आले. त्या दिवशी चहाचा कप हातात होता, समोर खोबऱ्याची वडी होती, वातावरण छान होतं. ते बिघडवायला नको वाटलं. इतकंच.

कार्यक्रम पाचला होता. बस शीळफाट्याला अडकल्या आणि मंडळी साडेपाचला उतरली. पैठण्या, अत्तरं, गजरे. उतरल्या उतरल्या फोटो सुरू झाले. वेदीपुढच्या पायऱ्यांवर बसून, संतांच्या पुतळ्याच्या खांद्याला टेकून, एका बाईंनी तर पुतळ्याच्या हाताला आपली पर्स अडकवली, दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून. आमच्या निवेदिकाबाई हातात कागदांची चळत घेऊन माइकपाशी जाऊन उभ्या राहिल्या. निवेदन नको हे मी त्यांना सांगितलं होतं. म्हणजे "गरज पडणार नाही बहुतेक" असं सांगितलं होतं.

सरांनी हात वर केले आणि आम्ही सुरू झालो.

पहिला भाग संपला. सरांचे हात हवेतच होते, पुढच्या भागाचा श्वास आम्ही घेतला होता, तेवढ्यात टाळ्या. टाळ्यांपाठोपाठ निवेदिकाबाई. स्वरांची बरसात, मंत्रमुग्ध, चर्चच्या घंटा आणि देवळाच्या घंटा, सूर तोच आणि ईश्वर एकच, सगळं झालं. एक शेरही झाला. सर हात खाली घेऊन उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर वहीत घातली.

दुसऱ्या भागात एका जागी पुरुषांचे आवाज एकदम वर येतात. तिथे मागून मोठ्ठ्याने "वा! क्या बात है!" आलं. टेनरमधला, म्हणजे पुरुषांच्या वरच्या आवाजातला, एक मुलगा दचकून चुकला. अंगठा हलवणारे गृहस्थ आता मांडीवर ताल धरत होते, तोही चुकीचा. या संगीताला तालाची मांडी लागत नाही हे त्यांच्या गावी नव्हतं. दाद देणं हे आमच्याकडे ऐकण्यापेक्षा मोठं मानतात. मी स्वतः मैफलीत पहिल्या रांगेत बसून अशी दाद दिलेली आहे, गाणाऱ्याने आपल्याकडे बघावं म्हणून. त्या संध्याकाळी ते समोरून ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, आणि तो आनंदाचा नव्हता.

तरीही गाणं चाललं होतं. तिसऱ्या भागात तर सरांचा चेहरा उजळला. त्यांनी उजवा कान किंचित आमच्याकडे वळवला होता. बाकं भरलेली होती आणि खरंच, सर म्हणाले होते तसं, प्रत्येक आवाज सुटा आणि स्वच्छ येत होता. मला वाटलं, जाऊ दे, टाळ्या तर टाळ्या, शेर तर शेर. पाचव्यापर्यंत पोचू. चौथा भाग आम्ही फार चांगला गायलो. त्याच्या शेवटी पहिल्यांदाच टाळ्या आल्या नाहीत. काय झालं कोण जाणे, दोनशे माणसं गप्प होती. सरांचे हात छातीपाशी थांबले. पाचव्याचा सूर आमच्या सगळ्यांच्या घशात तयार होता.

आणि माइक खरखरला.

"क्षमस्व, क्षमस्व! आत्ताच आपले प्रमुख पाहुणे वाहतुकीतून वाट काढत इथे पोचले आहेत. टाळ्यांच्या गजरात..." अध्यक्ष वेदीच्या पायऱ्या चढून सरांच्या आणि आमच्या मधे येऊन उभे राहिले. सरांकडे त्यांची पाठ होती.

प्रमुख पाहुणे आमच्या भागातले एक जमीनदार. ठाकुर्लीच्या बाजूचे, तिथले मूळचे. आजोबा शेती करायचे, मिठागरावर राबायचे, आता त्याच जमिनींवर टॉवर उभे आहेत. गळ्यात जाडजूड साखळी. आमच्या मंडळात त्यांच्या पाठीमागे त्यांच्या साखळीवर आणि बोलण्यावर विनोद होतात, आणि शाल मात्र त्यांनाच. ते शेवटच्या बाकाशी उभे होते. अनवाणी होते. बूट त्यांनी दाराबाहेर काढले होते. दोनशे माणसांत तेवढ्या एका माणसाने.

ते तिथूनच हात हलवून म्हणाले, "अवो नको, नको! आदी गाऊं द्या त्यांना. देवाचे घरान आलोय, मना काय घाई नाय."

"पाहिलंत, किती हा विनय!" अध्यक्ष माइकवर म्हणाले, आणि दोघा कार्यकर्त्यांनी त्यांना दंडाला धरून पुढे आणलं.

दोन मिनिटांचा विषय! शाल झाली, श्रीफळ झालं, पुष्पगुच्छ झाला. अध्यक्षांचं मनोगत झालं. मग "आजचे खरे मानकरी" म्हणून सरांना शाल. त्यांच्या खांद्यावर ती टाकली, हातात नारळ दिला, आणि फोटोसाठी त्यांना लोकांकडे तोंड करून उभं केलं. सर त्या नारळाकडे बघत राहिले. त्यांना तो ठेवायला जागा सापडेना. वेदीवर ठेवणं शक्य नव्हतं, आणि हातात नारळ घेऊन हात वर करता येत नव्हते.

मग अध्यक्ष म्हणाले, "आणि हा योग ज्यांच्यामुळे जुळून आला, आपल्या सर्वांच्या लाडक्या सचिव, ज्या स्वतः आज गात आहेत... या, मॅडम, या!"

मी हलले नसते तर? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. मी मानेने नाही म्हटलं असतं, वही छातीशी धरून नुसती उभी राहिले असते, तर ते दोनदा बोलावून गप्प बसले असते. आमच्यात मानकऱ्याला ओढायची पद्धत आहे, पण गाणाऱ्यांच्या रांगेतून ओढायला कुणी धजलं नसतं. शेजारच्या आल्टोने माझी बाहीसुद्धा धरली होती. मी ती सोडवली. अगदी हळूच, तिला वाईट वाटू नये अशी. आणि पायऱ्या उतरले. शाल घेतली. "मॅडम, जरा इकडे," फोटोवाला म्हणाला, आणि मी इकडे बघून हसले. चांगलं हसले. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात माझ्यामागे सर उभे आहेत, नारळासकट.

हसता हसता मला तेलाचा वास आला.

सत्कार सुरू झाला म्हणजे अल्पोपाहाराची वेळ झाली, हे आमच्या स्वयंसेवकांना वर्षानुवर्षं पाठ झालेलं. त्यांनी खोके फोडले होते. प्रत्येक बाकावर डबी फिरत होती: बटाटेवडा, लसणाची चटणी, पेढा. दोनशे तोंडं चालायला लागली. माणसं उठून गप्पा मारत होती, "आम्ही गेलेलो ना तेव्हा गोव्याला, तिथलं चर्च याच्यापेक्षा मोठंय" असं काहीतरी कानावर येत होतं. प्रार्थनेच्या पुस्तकाची बशी झाली होती. चटणीची बोटं गुडघ्यांच्या गादीला पुसली जात होती. आणि दाराशी, आत येताना ज्यात बोट बुडवून लोक कपाळाला लावतात त्या पवित्र पाण्याच्या दगडी भांड्यात, आमच्या मंडळाच्या एक माजी मुख्याध्यापिका हात खळबळून धूत होत्या. दुसरीला सांगत होत्या, "बघ, दाराशीच पाणी ठेवलंय. किती छान व्यवस्था असते गं या लोकांची!"

माणसांची एवढी किळस मला कधी वाटली नव्हती. हीच माझी माणसं. यांच्याच जिवावर मी सरांपुढे फुशारकी मारली होती. ठाण्यातच टेंभी नाक्याला नवरात्रात लोटालोट करणाऱ्या गर्दीला आम्ही नावं ठेवतो. ती गर्दी देवीपुढे आली की निदान डोकं तरी टेकते.

आणि मी काय केलं? कुणाला ओरडले नाही. कुणाच्या हातातली डबी काढून घेतली नाही. खांद्यावरची शाल सावरत मी परत रांगेत गेले आणि सरांच्या हातातला नारळ घेतला. ही माझी त्या संध्याकाळची एकमेव कामगिरी.

सरांनी खिशातून सूर घ्यायचा लोखंडी काटा काढला. वाद्य नसल्यामुळे थांबलेलं गाणं पुन्हा सुरू करायला सूर नव्याने घ्यावा लागतो. त्यांनी काटा गुडघ्यावर आपटून उजव्या कानाशी धरला. त्या कलकलाटात काही ऐकू आलं नसावं. पुन्हा आपटला. मग त्याची दांडी दातांत धरली, कवटीत तरी सूर घुमावा म्हणून. डोळे मिटून, दातांत लोखंड धरून ते उभे होते आणि त्यांच्यासमोर दोनशे सुसंस्कृत माणसं वडे खात होती.

तेवढ्यात चर्चचा सेवेकरी मेणबत्त्या लावायची लांब काठी घेऊन बाजूच्या दारातून आला. त्याने सरांना काही म्हटलं नाही, नुसतं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. सातला दहा कमी होती. दारात वस्तीतली माणसं मिस्सेसाठी जमली होती आणि आतला प्रकार बघून आत यायला बिचकत होती.

सरांनी काटा खिशात ठेवला. आमच्याकडे बघून म्हणाले, "बस."

टाळ्यांचा कडकडाट झाला. सगळे उभे राहिले. "वन्स मोअर!" असंही कुणी ओरडलं. बसमध्ये परतताना माझं कौतुक चाललं होतं. जाहिरातीत, पत्रिकेत, निवेदिकेच्या कागदावर, सगळीकडे पाच भाग लिहिलेले होते. चार झाले हे दोनशेतल्या एकाच्याही लक्षात आलं नाही. नाही, चुकले. दुसऱ्या दिवशी प्रमुख पाहुण्यांचा फोन आला. म्हणाले, "ताई, माझ्यापायी त्यांचा गाना ऱ्हायला ना? त्यांना सांगा, मना माफ करा." मंडळाच्या ग्रुपवर मात्र दिवसभर फुलं आणि 'अप्रतिम' आणि 'पुढल्या वर्षी पुन्हा.' घरकामाच्या बाई दिवसभर माझ्या स्वयंपाकघरातला तो सरांच्या हातातून आणलेला नारळ कधी फोडायचा विचारत होत्या. मी तो न फोडता कचऱ्यात टाकला.

बुधवारी मी तालमीच्या अर्धा तास आधी गेले. सर एकटेच वह्या लावत होते. मी त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन मोठ्याने माफी मागितली. आमच्या लोकांना समजत नाही, त्यांना अक्कल नाही, मला त्यांची लाज वाटते, मी सचिवपद सोडणार आहे, खूप काही बोलले. सर ऐकत होते. त्यांना किती ऐकू आलं माहीत नाही. मी थांबल्यावर म्हणाले, "त्या लोकांचं काय घेऊन बसलीस, बाय. त्यांना ठाव नव्हतं. तुला ठाव होतं."

एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातात आल्टोच्या वह्या दिल्या आणि म्हणाले, खुर्च्यांवर ठेव.

चर्चची पुढची मोकळी तारीख तीन महिन्यांनी होती. आम्ही ती घेतली. तेवढ्यात पाऊस लागला, सरांना सर्दी झाली, ती कानात उतरली, आणि डॉक्टर म्हणाले होते त्याच्या कितीतरी आधी त्यांचा उजवा कान गेला. चर्चची तारीख आम्ही परत केली. सर मात्र एका बुधवारी मुलीचा हात धरून हॉलवर आले. मुलीने कागदावर लिहून त्यांना विचारलं, पाचवा भाग गाऊ का? त्यांनी मानेने हो म्हटलं आणि जागेवर जाऊन उभे राहिले.

मुलीने शाळेतून आणलेल्या पेटीवर आम्हाला सूर दिला. सरांनी हात वर केले. आम्ही गायलो. सोप्रानोतल्या दोघी रडत होत्या, टेनरचा मुलगा रडत होता, आणि रडणारी माणसं घाई करतात. आम्ही चौघींनी आमचा सूर धरला होता, पण वरचे आवाज पुढे पळाले आणि आम्हालाही त्यांनी ओढलं. सरांच्या हाताकडे कुणी बघेना. बघवत नव्हतं. ते हात संथ चालले होते, कागदावर लिहिलेल्या त्याच चालीने. आमचं संपलं. हॉलमध्ये काही वाजत नव्हतं आणि सर अजून शांती मागत होते, पंजा हळूच खाली दाबून, आम्हा आल्टोंकडे बघत. मी घाईघाईने तोंड उघडलं आणि नुसतंच उघडं धरून उभी राहिले, त्यांचे हात थांबेपर्यंत.